गाठीखालची जखम

स्त्री, शेतमजूर, विदर्भ. केसपेपरवर वय 68 आहे, ते केसपेपर काढणाऱ्या मुलाने आधार कार्डावरून टाकलेलं. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "बाबासाहेब नागपूरले आले तवा मी मायच्या कडेवर होती." म्हणजे 1956 चा ऑक्टोबर. वर्षभराच्या फरकाने आजींचा हिशोब आणि आधार कार्डाचा हिशोब जुळला. आमच्याकडे हे क्वचितच होतं.

तक्रार उजव्या कुशीतल्या जखमेची. बरगड्या संपतात आणि खुब्याचं हाड सुरू होतं, त्या मधल्या मऊ भागात. चौदा महिने झाले, भरत नाही. त्याआधी दोन-तीन वर्षं तिथे खाज होती, आणि त्याच्याही आधी कधीतरी कातडी पांढरट पडली होती. मधुमेह नाही, क्षयरोग झालेला नाही. भाजल्याची जुनी खूण नाही, तिथे कधी टाके पडलेले नाहीत. तंबाखू नाही, सुपारी आहे. तीन बाळंतपणं, सगळी घरी.

ही माहिती एका दमात लिहिली असली तरी ती मिळायला दोन भेटी लागल्या, आणि त्या दोन भेटींमध्ये चार महिने गेले. ती चूक माझी.

पहिली भेट ऑगस्टातली. बाजाराचा दिवस, ओपीडीत शंभराच्या वर माणसं. आजी एकट्याच आल्या होत्या. "खाजवून खाजवून घाव झाला" म्हणाल्या. दाखवा म्हटलं तर लुगड्याची कड दोन बोटं खाली सरकवली. त्या फटीतून मला दिसला तो ओलसर लालसर भाग आणि त्याच्या वर खपलीची एक किनार. पावसाळा, घाम, दिवसभर ओल्या वावरात निंदण. मी मनात निदान करून टाकलं: बुरशी, त्यावर नखांनी झालेला संसर्ग. मलम दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हटलं. त्या आल्या नाहीत. निंदण संपलं तशी कापसाची वेचणी लागली, आणि वेचणी किलोवर असते. त्या दिवसांत दवाखान्यात बसणं म्हणजे रोजावर पाणी सोडणं.

लुगडं सोडून बघायला मी सांगितलं नव्हतं. खोलीत पडदा होता, पण सिस्टर इंजेक्शनच्या खोलीत होत्या आणि बाहेर रांग होती. एवढंच कारण.

दुसऱ्या भेटीला, डिसेंबरात, सून घेऊन आली. कारण जखम नव्हतं, वास होता. सून म्हणाली, रात्री एका खोलीत झोपतो, लेकरं नाक धरतात. आजी खाली बघत बसल्या होत्या. "दुखत नाई साहेब, नुसता वास येते." न दुखणाऱ्या जखमेचा मला आता धाक आहे. दुखणारी जखम माणसाला दवाखान्यात आणते, न दुखणारी घरी बसवते.

या वेळी सिस्टरांना बोलावलं. त्या याच भागातल्या, आजींच्या लेकीच्या वयाच्या. पडदा ओढला आणि मी बाहेर थांबलो. आतून आजींचा आवाज येत होता, "सोडू काहाले? वरूनच पाहा नं." मग सिस्टरांचा, समजावणीचा. नऊवार लुगडं उलगडायला वेळ लागतो. सिस्टरांनी आत बोलावलं तेव्हा तपासणीच्या टेबलावर निळ्या लुगड्याचा ढीग होता आणि ढिगावर एक चंची.

चंचीबद्दल थोडं सांगतो, कारण मला ती विसरता येत नाही. जुनी, मेणचट झालेली, दोरी ओढून बंद करायची. आत सुपारीची खांडं, काही नाणी, एस.टी.चं चुरगळलेलं तिकीट आणि लोखंडी अडकित्ता. ही चंची रोज उजव्या बाजूला, गाठीच्या आत खोचलेली असते. लुगड्याची गाठही उजवीकडेच. सिस्टरांनी विचारलं, नेहमी इथेच का? आजी म्हणाल्या, "हात आपोआप तिथीच जाते बाई. लगन झालं तवापासून."

आता कमर. गाठ जिथून जाते त्या रेषेत पूर्ण कमरेभोवती दोन बोटं रुंदीचा पट्टा होता. कुठे काळसर आणि जाड, कुठे पांढरा, कागदासारखा पातळ आणि चकचकीत. पांढऱ्या भागात बारीक लव नव्हती. हा पट्टा पाहायला मी चष्मा काढून जवळ गेलो. तो लुगड्याचा नुसता वळ नव्हता, वळ चार दिवसांत जातो. इथे कातडीचा पोतच बदलला होता. आणि उजव्या कुशीत, बरोबर चंचीच्या जागी, जखम. साडेचार सेंटिमीटर लांब, तीन रुंद. कडा बाहेर उलटलेल्या, फुलकोबीसारख्या दाणेदार, हाताला टणक. तळ मळकट, बोट लागताच रक्त येणारा. ऑगस्टात फटीतून मी जी "खपलीची किनार" पाहिली होती ती याच कडेचा वरचा तुकडा असणार.

साध्या जखमेची कड आत सरकत येते, पातळ आणि निळसर. भरू पाहणाऱ्या जखमेला आत यायचं असतं. जी जखम कड बाहेर उलटवून वर वाढते तिचा हेतू वेगळा असतो. हे एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकवतात. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

मग लसीकाग्रंथींच्या गाठी शोधायच्या, कारण कॅन्सर असेल आणि पसरला असेल तर बहुधा आधी तिथे पोहोचतो. कमरेवरच्या जखमेत इथे एक गंमत आहे. कातडीतला लसीकाद्रव (लिम्फ) साधारण बेंबीच्या रेषेवर विभागतो: वरचा काखेकडे जातो, खालचा जांघेकडे. कमरेचा पट्टा नेमका या पाणलोटाच्या रेषेवर येतो. म्हणून दोन्ही जांघा आणि दोन्ही काखा, सगळं चाचपावं लागतं. काखा मोकळ्या होत्या. उजव्या जांघेत दीड सेंटिमीटरची एक गाठ लागली, हलणारी. आजी लगेच म्हणाल्या, "थे अवधान हाय, काटा रुतला त येते." आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. अनवाणी शेतात काम करणाऱ्या माणसाच्या जांघेत अवधाण सापडणं नेहमीचंच. पायाला भेगा, काटे, चिखल्या, काही ना काही चालू असतं आणि गाठी कायम जाग्या असतात. नुसत्या बोटाने कळत नाही की गाठ काट्याची आहे का कॅन्सरची. सुईनेच कळतं.

त्याच दिवशी जागा बधिर करून कडेचे दोन तुकडे घेतले, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून. तळातून घेतला तर नुसता कुजलेला भाग हाती येतो आणि अहवालात "जुनाट दाह" लिहून येतं. मग डॉक्टरही निर्धास्त, रुग्णही. जांघेतल्या गाठीतून सुईने पेशी काढल्या. दोन्ही नमुने नागपूरला गेले.

नऊ दिवसांनी अहवाल आला: स्क्वेमस सेल कार्सिनोमा, वेल डिफरन्शिएटेड. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर, पेशी अजून आपलं मूळ रूप बऱ्यापैकी ओळखून असलेल्या, केराटिनचे मोती तयार करणाऱ्या. जांघेतल्या गाठीत कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. अवधाणच निघालं. आजी म्हणाल्या, "म्या सांगतलंच होतं."

निदान सांगण्याचा प्रसंग मी नेहमी लांबवतो, त्या दिवशीही लांबवला. आधी मुलाला बोलावलं. तो बांधकामावर मिस्त्री, उभ्यानेच ऐकत होता. पण आजींनी त्याला हाताने बाजूला केलं आणि मलाच विचारलं. कॅन्सर म्हटल्यावर त्या गप्प झाल्या नाहीत, वाद घालायला लागल्या. "कॅन्सर त तंबाखूवाल्याले होते. मी सुपारी खातो, पण तोंड साजरं हाय." तोंड उघडून दाखवलं. खरंच बरं होतं, म्हणजे किमान कॅन्सर नव्हता. सुपारीने गालाची आतली बाजू थोडी आखडली होती, तेही केसपेपरवर लिहून ठेवलं.

मग मी काय चूक केली, ऑगस्टात नीट पाहिलं नाही, हेही सांगितलं. ते ऐकून त्यांनी काय करावं हे त्यांना कळलं नाही. "गर्दी होती नं," एवढंच म्हणाल्या. मला त्या माफीपेक्षा दोन शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

हा कॅन्सर येतो कुठून

कातडीचा सगळ्यात खालचा थर सतत नव्या पेशी तयार करत असतो. घासलं, खरचटलं की हा थर डागडुजीला लागतो आणि काम झालं की थांबतो. एकाच जागी वर्षानुवर्षं रोज घर्षण, दाब, घाम आणि मळ असेल तर डागडुजी संपतच नाही. कातडी आधी रंग बदलते, मग पातळ होते, मग फाटते. फाटलेली भरते, पुन्हा फाटते. दर वेळी पेशी विभागतात आणि दर विभागणीत नक्कल चुकण्याची थोडी शक्यता असते. त्यात जुन्या वणात रक्तपुरवठा कमी, लसीकावाहिन्या तुटलेल्या. त्यामुळे बिघडलेली पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेला उशिरा पडते. जुनाट वणात किंवा न भरणाऱ्या जखमेत उठणाऱ्या अशा कॅन्सरला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. झाँ निकोला मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने 1828 मध्ये अशा जखमांचं वर्णन केलं होतं. बहुतेक वेळा तो जुन्या भाजल्याच्या वणात दिसतो, भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनी.

आपल्याकडे त्याला कपड्याची वाट मिळाली. ही गोष्ट पहिल्यांदा पकडली ती मुंबईत. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं आणि तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. भारतातल्या विकृतिशास्त्राचा (पॅथॉलॉजीचा) पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव येतं. त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी 1945 मध्ये एक लेख लिहिला, सवयी आणि कॅन्सर यांच्या नात्यावर. त्यात धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणारा कॅन्सर होता: "धोती कॅन्सर". मला त्या लेखातली दृष्टी फार आवडते. रोग अवयवाच्या नावाने न शोधता तो माणूस दिवसभर काय करतो, काय नेसतो, काय चघळतो, इथून सुरुवात करायची. काश्मिरात फेरनच्या, म्हणजे सैल अंगरख्याच्या, आत पोटाशी कांगडी (निखाऱ्यांचं मडकं) धरून बसणाऱ्यांच्या मांड्यांवर आणि पोटावर होणारा "कांगडी कॅन्सर" तर त्याच्याही आधीपासून माहीत होता.

पुढे पुरुषांचं धोतर सुटलं, पायजमा-पँट आली. बायकांची कमर मात्र बांधलेलीच राहिली. मुंबईच्या डॉक्टरांनी अशा रुग्ण स्त्रियांबद्दल लिहिताना "साडी कॅन्सर" हा शब्द वापरला. आणि 2024 च्या नोव्हेंबरात "बीएमजे केस रिपोर्ट्स" या नियतकालिकात दोन स्त्रियांची माहिती आली. लिहिणारे डॉक्टर वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे आणि बिहारातल्या मधुबनीचे. एक बाई सत्तर वर्षांची, परकराची नाडी घट्ट बांधणारी, दीड वर्ष न भरलेली जखम. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली, परकर नाहीच, चाळीस वर्षं थेट कातडीवर लुगडं. तिची जखम दोन वर्षांची, आणि तिच्या जांघेतल्या एका गाठीत कॅन्सर पोहोचलेला होता. दोघींच्याही जखमा उजव्या कुशीतच.

ती बातमी दोन दिवसांत मोबाइलवर आली आणि तिसऱ्या दिवशी तिचं जे व्हायचं ते झालं. "साडी नेसल्याने कॅन्सर होतो." माझ्या मावशीने फोन करून विचारलं, आता काय ड्रेस घालू का या वयात? तिला सांगितलं ते इथेही सांगतो. हा फार दुर्मीळ प्रकार आहे. कोट्यवधी बायका जन्मभर साड्या नेसतात, त्यांतल्या खूपजणींच्या कमरेवर काळा पट्टा असतो, आणि त्यांतल्या जवळपास कुणालाच कॅन्सर होत नाही. दोष कापडाचा नाही, त्या लेखातल्या डॉक्टरांचाही रोख घट्ट बांधण्यावरच होता. आमच्या सिस्टरांनी ते चार शब्दांत सांगितलं: "नाव साडीचं, काम नाडीचं."

आजींच्या बाबतीत मला आणखी एक संशय आहे. सिद्ध करता येणार नाही, पण लिहून ठेवतो. वेचणीच्या वेळी बाया कमरेला ओटी बांधतात. वेचलेला कापूस ओटीत जातो, पाच-सहा किलो झाला की बांधावर ढिगात रिकामा करायचा आणि पुन्हा तासाला, म्हणजे कपाशीच्या ओळीला, लागायचं. म्हणजे आधीच घट्ट बांधलेल्या लुगड्यावर आणखी एक गाठ आणि तिला लटकलेलं वजन, दिवसभर, वाकून. हंगामात अडीच-तीन महिने. आणि या दोन्ही गाठींच्या आत अडकित्त्याची लोखंडी मूठ. मी आजींना विचारलं, ढिलं का नाही बांधत? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं शिक्षण आठवलं. "ढिलं बांधलं त वावरात सुटन नं!"

आणि ऊन?

आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर एका औषध कंपनीचं पोस्टर आहे. गोरी मुलगी, समुद्र, सनस्क्रीनची बाटली, खाली "त्वचेच्या कॅन्सरपासून संरक्षण". त्याच्याच खाली बाकड्यावर आजी बसल्या होत्या. पन्नास-पंचावन्न उन्हाळे वावरात काढलेल्या. विदर्भातला मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना 45 अंश म्हणजे काय ते सांगायला नको. त्यांचा चेहरा, मान, हात मी बारकाईने तपासले. सुरकुत्या भरपूर, संशयास्पद काहीही नाही. कॅन्सर झाला तो लग्नानंतर ज्या बोटभर जागेला ऊन कधी शिवलंच नाही तिथे.

उन्हातले अतिनील किरण डीएनएमधली शेजारची अक्षरं एकमेकांना चिकटवतात. चिकटलेली जागा नीट दुरुस्त झाली नाही तर पेशी बिघडते. काळ्या-सावळ्या त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गोऱ्यांपेक्षा संख्येने फारशा जास्त नसतात. फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात आणि मांडणीत. मेलॅनिनचे कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे जमा होतात. ही छत्री गोऱ्या त्वचेत फाटकी असते. म्हणून ऑस्ट्रेलियाला 1981 मध्ये टोपी घातलेला एक सीगल पक्षी नाचवत लोकांना सांगावं लागलं की सदरा चढवा, मलम थापा, टोपी घाला. मूळ इंग्रजी घोषणा "स्लिप, स्लॉप, स्लॅप". तिथल्या तीन माणसांपैकी दोघांना सत्तरीपर्यंत त्वचेचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो, असं तिथली कॅन्सर कौन्सिल सांगत आली आहे. त्यांच्यासाठी ते पोस्टर बरोबर आहे. आपल्यातही ज्यांच्या त्वचेत जन्मतः रंगद्रव्य नसतं, त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन ही शब्दशः जिवाची गोष्ट आहे. त्यांना तरुणपणीच चेहऱ्यावर, कानांवर कॅन्सर होऊ शकतो. शाळेतल्या असं मूल असलेल्या वर्गात खिडकीपासून लांबचं बाक कुणाला द्यायचं हे मास्तरांना माहीत असलं पाहिजे.

पण पोस्टर पाहून आजींसारख्या बाईला वाटतं की हा रोग समुद्रावर झोपणाऱ्या लोकांचा. आणि मला, डॉक्टरलाही, ऑगस्टात आतून तेच वाटत होतं. सावळी बाई, झाकलेली जागा, म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या त्वचेच्या कॅन्सरला शोधायचं तर झाकलेल्या जागाही बघाव्या लागतात: जुना भाजल्याचा वण, वर्षानुवर्षं वाहणारी पायावरची जखम, तळपायावरचा वाढत जाणारा काळा डाग, जो आपण कुरूप समजून ब्लेडने कापत बसतो. बंगालात कूपनलिकांचं आर्सेनिकयुक्त पाणी पिणाऱ्यांच्या तळहातांवर आधी टणक खडे येतात आणि त्यांतून पुढे हाच स्क्वेमस कॅन्सर होऊ शकतो.

शस्त्रक्रिया आणि नंतर

जानेवारीत शस्त्रक्रिया केली. महात्मा फुले योजनेत नाव बसलं, त्यामुळे पैशाचा प्रश्न सुटला. जखमेच्या कडेपासून चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खाली स्नायूच्या आवरणासकट सगळं काढलं. म्हणजे पोकळी जवळपास तळहाताएवढी. उजव्या मांडीवरून पातळ कातडी काढून तिथे बसवली आणि वर कापसाचा बोळा टाक्यांनी दाबून बांधला. पाचव्या दिवशी सोडला तेव्हा कातडी गुलाबी होती, एका कोपऱ्यात नखाएवढी सोडली तर सगळी धरलेली. आजींना कुशीपेक्षा मांडी जास्त दुखली. सगळ्यांचं असंच होतं, आणि सगळे डॉक्टर ते आधी सांगायला विसरतात.

अंतिम अहवाल: सगळ्या कडा मोकळ्या, खोली सात मिलिमीटर, मज्जातंतूंभोवती शिरकाव नाही. मेडिकल कॉलेजमधल्या कॅन्सर तज्ज्ञांना कागद दाखवले. खोलीमुळे आम्ही थोडे घुटमळलो, पण किरणोपचार न देता दर तीन महिन्यांनी बघायचं ठरलं. वैद्यकीय भाग इथे जवळजवळ संपला.

आणि खरा प्रश्न घरी जायच्या दिवशी उभा राहिला. बसवलेल्या कातडीला स्पर्श कळत नाही, खाली चरबीची गादी नसते, घासलं तर ती लगेच फाटते. मी सांगितलं की आता कमरेला काहीही घट्ट बांधायचं नाही. सून म्हणाली, मॅक्सी आणते. आजींनी पलंगावरूनच विचारलं, "मॅक्सी घालून विहारात जाऊ काय?" सिस्टरांनी परकर सुचवला, नाडीऐवजी चार बोटं रुंद पट्टा आणि हूक असलेला, वर सहावारी पातळ. सुनेने तो शिवून घेतला. आजींनी दोन दिवस नेसून पाहिला. पायात कासोटा नाही म्हणून चालताना अडकायला होतं, वाकता येत नाही, म्हणाल्या. साठ वर्षं ज्या बाईच्या पायांना कासोट्याची मोकळीक आहे तिला पातळात उभं करणं म्हणजे मला उद्यापासून लुंगीत ऑपरेशन करायला सांगणं.

उपाय त्यांनीच काढला, आणि मला तो पहिल्या तपासणीला आल्यावर कळला. मयत नवऱ्याचं जुनं धोतर ट्रंकेत होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याची वीतभर रुंद घडी करून त्यांनी कमरेभोवती सैल गुंडाळली, त्यावर लुगडं, आणि गाठ डावीकडे. कासोटा मागे नीट खोचला की गाठ थोडी सैल राहिली तरी लुगडं सुटत नाही, असा त्यांचा शोध. दर दोन-चार दिवसांनी गाठ थोडी पुढे-मागे सरकवायची. चंची आता पोलक्याच्या आत, अडकित्ता घरी. सुरुवातीला हात उजवीकडेच जायचा. नात हातावर चापट मारायची.

मी गाठ तपासतो. गाठीखाली माझी दोन बोटं सहज गेली पाहिजेत, झोपल्यावरही आणि बसल्यावरही, कारण बसलं की पोट पुढे येतं आणि गाठ आवळते. हे साधं माप मी आता कमरेवर पट्टा असलेल्या प्रत्येक बाईला सांगतो. पट्ट्यावर पांढरेपणा, भेग किंवा खाज असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतो. आणि नायट्याचं म्हणून दुकानातून मिळणारं, स्टिरॉइड घातलेलं मिश्र मलम तिथे लावू नका असं बजावतो, कारण त्याने आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते. आजींनी ते वर्षभर लावलं होतं, हे मला ऑपरेशननंतर सुनेने सांगितलं. सहा आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासायचा, हा नियम मी ओपीडीच्या टेबलाच्या काचेखाली स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलाय. कमरेची तक्रार असलेल्या बाईला पडद्यामागे पूर्ण उलगडून बघितल्याशिवाय औषध लिहायचं नाही, हा दुसरा. बाजाराच्या दिवशी तो पाळणं अजूनही जड जातं.

वेचणी त्यांनी सोडली नाही. नातवाच्या शाळेच्या दप्तराचे पट्टे लावून सुनेने पोत्याची एक झोळी शिवलीय, ती खांद्यावर अडकवतात. ओटीपेक्षा हात हळू चालतो, किलो कमी भरतात.

तिसरी तपासणी ऑक्टोबरात होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दीक्षाभूमीवरून रात्रीच्या गाडीने परतल्या होत्या आणि थेट दवाखान्यात आल्या. पांढरं लुगडं, चुरगळलेलं, पायावर नागपूरची धूळ. या वेळी पडद्यामागे सिस्टरांना काही समजवावं लागलं नाही. बसवलेली कातडी शाबूत, कडा मऊ, जांघेतली गाठ होती तेवढीच. डाव्या बाजूला, नव्या गाठीच्या जागी, कातडीवर किंचित गुलाबी वळ होता. प्रवासात गर्दी होती म्हणून जरा आवळून बांधलं, असं त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. पुढची तारीख जानेवारीतली दिली. वेचणी असेल, म्हणाल्या. मग बाजाराचा दिवस सोडून कधीही या, असं लिहून दिलं.